वडिलांचे नाव

औंढा नागनाथहून वसमतकडे जाणाऱ्या रस्त्यावर शिरड शहापूर हे गाव लागते. मल्लिनाथ भगवानांच्या मंदिरामुळे दिगंबर जैन समाजात हे क्षेत्र सर्वदूर प्रसिद्ध आहे. या परिसराला संतांचा आणि तीर्थांचा शेजार मोठा. औंढ्याला नागनाथाचे ज्योतिर्लिंग, तेथेच नामदेवांना विसोबा खेचर गुरू म्हणून भेटले अशी परंपरा, आणि हिंगोलीजवळ नर्सी हे नामदेवांचे गाव. आम्ही एका कामानिमित्त त्या रस्त्याने जात असता दुपारची उन्हे टळेपर्यंत मंदिराच्या आवारात बसलो होतो. शेजारी एक वयोवृद्ध जैन गृहस्थ होते. आमचा पांढरा झगा पाहून त्यांनी आपुलकीने चौकशी केली, आणि बोलता बोलता विषय दीक्षेवर आला.

ते म्हणाले, "आमच्याकडे ज्याला मुनिदीक्षा घ्यायची असते, तो आधी घरच्यांचा निरोप घेतो. आईवडिलांची, भावाबहिणींची संमती मागतो. कळत नकळत दुखावले असेल तर क्षमा मागतो. मगच गुरूंपुढे उभा राहतो. घर सोडायचे, पण घराला फसवून सोडायचे नाही."

आम्ही काही बोललो नाही. परंतु त्यांचे शेवटचे वाक्य दिवसभर आमच्या कानात घुमत राहिले, आणि मन याच मराठवाड्यात, जालन्याला, दीडशे वर्षांपूर्वी वावरलेल्या एका ख्रिस्ती पाळकाकडे वळले. त्यांचे नाव रेव्हरंड नारायण शेषाद्री. ते आमच्या पंथाचे नव्हते. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन मंडळीचे होते. तरीही आज आम्ही त्यांच्याविषयी लिहीत आहोत, कारण त्यांच्या चरित्रात एक असा प्रश्न दडलेला आहे, जो प्रत्येक धर्मगुरूच्या दारात केव्हा ना केव्हा येऊन बसतो. आमच्याही दारात तो एकदा बसला होता. त्याविषयी शेवटी सांगू.

प्रथम या पंथाविषयी थोडे सांगावयास हवे, कारण आपल्या कॅथलिक घरांतून त्याची माहिती फारशी नसते. प्रेस्बिटेरियन ख्रिस्तसभेत महागुरूस्वामी नसतात. मंडळीचा कारभार पाळक आणि लोकांतून निवडलेली जाणती माणसे मिळून पाहतात. मूळ ग्रीक भाषेत अशा जाणत्या माणसाला जो शब्द आहे, त्यावरून पंथाला हे नाव पडले. मराठी बायबलात त्या शब्दासाठी 'वडील' हा शब्द योजलेला आहे. या पंथात पाळक विवाहित असू शकतो. स्कॉटलंडच्या खेड्यांतून चर्चशेजारीच पाळकाचे घर असे. तेथे त्याची पत्नी, मुले, पुस्तके, भाजीचा वाफा असे सारे असे, आणि गावातील लग्न, मर्तिक, भांडणतंटा, शाळा यांपैकी कशातच त्या घराचा सहभाग नाही असे होत नसे. पाळकाचे कुटुंब हे गावकऱ्यांपुढे ठेवलेले एक उघडे पुस्तकच होते.

या पंथात वाढलेले काही तरुण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई इलाख्यात आले. रॉबर्ट नेस्बिट १८२७ साली आले, जॉन विल्सन १८२९ साली. कोकणातील बाणकोट आणि हर्णै येथे स्कॉटिश मिशनने आधीच पाय रोवले होते. विल्सन यांनी मुंबईत जी शाळा काढली, तिचेच पुढे विल्सन कॉलेज झाले. नेस्बिट यांच्या मराठीवरील प्रभुत्वाची त्या काळी ख्याती होती. या शाळेत हिंदू, पारशी, मुसलमान मुले इंग्रजी विद्येच्या ओढीने येत. विद्या हवी होती सर्वांना. परंतु विद्येबरोबर मुलगा घरातून जाईल की काय, ही धास्तीही सर्वांना होती. १८३९ साली धनजीभाई नौरोजी या पारशी तरुणाने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले. मुलगा जाणत्या वयाचा ठरला आणि त्याला मिशनऱ्यांकडे राहण्याची मुभा मिळाली. त्यासरशी शाळेतील कितीतरी मुले घरी बसली.

याच शाळेत परळीकर आडनावाच्या एका देशस्थ ब्राह्मण कुटुंबातील दोन भाऊ शिकत होते. थोरला नारायण, धाकटा श्रीपत. वडिलांचे नाव शेषाद्री.

१८४३ साल उजाडले. स्कॉटलंडमध्ये त्या वर्षीच्या मे महिन्यात एक मोठी घटना घडली. गावचा पाळक कोणी नेमायचा, जमीनदाराने की मंडळीने, या प्रश्नावरून तेथील राष्ट्रीय चर्च दुभंगले. डॉ. थॉमस चाल्मर्स यांच्या नेतृत्वाखाली साडेचारशेहून अधिक पाळक राष्ट्रीय चर्चमधून बाहेर पडले आणि त्यांनी 'फ्री चर्च' स्थापन केले. बाहेर पडणे म्हणजे पगार सोडणे, आणि ज्या घरात मुले जन्मली ते घरही सोडणे होते. कित्येक खेड्यांतील पाळकांनी बायकामुलांसह रिकाम्या हाताने उंबरा ओलांडला. ही वार्ता मुंबईत पोहोचली, तेव्हा विल्सन, नेस्बिट आणि मरे मिचेल यांनीही फ्री चर्चची बाजू घेतली. शाळेसाठी नवी बांधलेली इमारत त्यांना सोडावी लागली. सदसद्विवेकापुढे घरदार तुच्छ मानावे, हा धडा त्यांनी विद्यार्थ्यांना पुस्तकातून नव्हे, आचरणातून दिला.

त्याच वर्षी, १३ सप्टेंबर १८४३ रोजी, नारायणने नेस्बिट यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला. तो तरुण होता, जाणता होता, त्याचा निर्णय त्याचा होता. ज्या वर्षी गुरूंनी घर सोडले, त्याच वर्षी शिष्यानेही सोडले. इथवर ही कथा आपण ऐकलेल्या अनेक धर्मांतर-कथांसारखीच आहे. परंतु धाकटा श्रीपतही भावामागोमाग नेस्बिट यांच्या घरी येऊन राहिला, आणि तो होता अवघा बारा वर्षांच्या आसपासचा.

त्याला बाप्तिस्मा देण्यात आला नव्हता. तो मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता, त्यांच्याकडचे अन्न त्याने खाल्ले होते, आणि आपल्याला भावाच्या धर्मात यायचे आहे असे तो म्हणत होता. वडिलांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात धाव घेतली आणि हेबियस कॉर्पसचा अर्ज केला. म्हणजे, माझा मुलगा ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याला न्यायालयापुढे हजर करावे. न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांच्यापुढे सुनावणी झाली. प्रश्न एकच होता. मुलगा आपले बरेवाईट ठरवण्याच्या वयाचा आहे काय? न्यायालयाने नाही असे उत्तर दिले आणि मुलाला पित्याच्या स्वाधीन केले. श्रीपत रडत होता. त्याला भावाकडे राहायचे होते.

वाचकहो, या प्रसंगाचे वर्णन मिशनऱ्यांच्या लेखनातून येते तेव्हा आपली सहानुभूती साहजिकच त्या रडणाऱ्या मुलाकडे जाते. विश्वासासाठी अश्रू ढाळणारा बालक कोणाला हेलावून सोडणार नाही? परंतु आम्ही जितक्या वेळा या प्रसंगाचा विचार करतो, तितक्या वेळा न्यायालयातील दुसरी एक व्यक्ती आमच्या डोळ्यांपुढे उभी राहते. त्या बापाला थोरला मुलगा पारखा झाला होता. धाकट्यासाठी त्याला परक्या राज्याच्या, परक्या भाषेच्या न्यायालयाची पायरी चढावी लागली होती. त्याने निकाल जिंकला, आणि जिंकून मुलाला रडत घरी न्यावे लागले. मिशनऱ्यांच्या लेखी तो विरुद्ध पक्ष होता. आमच्या लेखी तो बाप आहे.

पण त्याची परीक्षा तेथेही संपली नाही. कायद्याने मुलगा घरी आणला, तरी कायद्याला त्याला पंगतीत बसवता येत नव्हते. ख्रिस्ती माणसाच्या घरी जेवलेला मुलगा ब्राह्मण राहिला कुठे, असा सवाल ज्ञातीतील सनातनी मंडळींनी केला. त्या वेळी बाळशास्त्री जांभेकर मुलाच्या बाजूने उभे राहिले. ज्यांनी १८३२ साली 'दर्पण' हे मराठीतील पहिले वृत्तपत्र काढले, तेच हे बाळशास्त्री. अजाण मुलाला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. यावरून मुंबईच्या ब्राह्मण समाजात दोन तट पडले, शास्त्रार्थ झाले, वाद धर्मपीठापर्यंत गेला. बाळशास्त्र्यांना स्वतःच्याच समाजाचा मोठा रोष पत्करावा लागला. १८४६ साली ते अकाली निधन पावले. महाराष्ट्राच्या प्रबोधनाच्या इतिहासात श्रीपत शेषाद्री प्रकरण म्हणून जे प्रसिद्ध आहे ते हेच. एका बारा वर्षांच्या मुलाने कोणाच्या घरी भाकरी खाल्ली, यावरून त्या काळचा विद्वान समाज दुभंगला होता.

येथे आम्हाला आमच्या स्वतःच्या घराकडे बोट दाखविणे भाग आहे. प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी असे केले, असे म्हणून आपण कॅथलिकांनी हात झटकू नयेत. श्रीपत प्रकरणानंतर १५ वर्षांनी, जून १८५८ मध्ये, इटलीतील बोलोन्या शहरात पोपच्या शासनाच्या शिपायांनी एका ज्यू कुटुंबातून सहा वर्षांच्या एद्गार्दो मोर्तारा या मुलास नेले. घरातील मोलकरणीने तो तान्हा असताना, आजारात दगावेल या भयाने, त्याला गुपचूप बाप्तिस्मा दिला होता. बाप्तिस्मा झालेल्या मुलाला अन्यधर्मीय आईबापांकडे ठेवता येत नाही, असा त्या राज्याचा कायदा होता. आईवडिलांनी विनवण्या केल्या, युरोप-अमेरिकेतून निषेध झाला, पण पोप नववे पायस यांनी मुलगा परत दिला नाही. तो पुढे धर्मगुरू झाला आणि १९४० साली बेल्जियममध्ये वारला. तो आपल्या धर्मजीवनात समाधानी होता असे सांगतात, आणि ते खरेही असेल. परंतु त्यामुळे त्याच्या आईचे रडणे पुसले जात नाही. मुंबईच्या शेषाद्रींना दाद मागायला एक न्यायालय तरी होते. बोलोन्याच्या मोर्तारांना तेही नव्हते, कारण जेथे दाद मागायची तेच मुलगा नेणारे होते.

आपल्या ख्रिस्तसभेने यातून धडा घेतला, पण त्यास वेळ लागला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याविषयीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होता कामा नये आणि मुलांना कोणते धर्मशिक्षण द्यावे हे ठरवण्याचा अधिकार आईवडिलांचा आहे, असे त्यात स्पष्ट शब्दांत म्हटले आहे. १९८३ च्या धर्मविधानानुसार, मृत्यूचा धोका नसताना बालकाला बाप्तिस्मा देण्यासाठी आईवडिलांपैकी निदान एकाची संमती लागते. मल्लिनाथाच्या आवारातील त्या वृद्ध गृहस्थांना जी गोष्ट आजोबा-पणजोबांपासून ठाऊक होती, ती आपल्या कायद्याच्या पुस्तकात रुळायला बराच काळ गेला.

आता नारायणकडे परत येऊ. भाऊ दुरावला, घर दुरावले, वारसाहक्कही गेल्यात जमा होता, कारण धर्मांतराने वारसा बुडू नये हा कायदा १८५० साली, म्हणजे सात वर्षांनी व्हायचा होता. १८५४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मुंबईसारख्या शहरात सुशिक्षितांपुढे व्याख्याने देत राहणे त्यांना सहज शक्य होते. बुद्धी होती, इंग्रजी होते, लौकिक होता. पण १८६० नंतरच्या दशकात ते निजामाच्या मुलखात, आपण ज्याला मोगलाई म्हणत असू त्या प्रदेशात, जालन्याला येऊन राहिले.

जालना त्या वेळी लष्करी छावणीचे गाव होते. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या छावण्या औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद (म्हणजे अंबाजोगाई) आणि हिंगोली येथे होत्या. शिरड शहापूरच्या पंचक्रोशीतून हिंगोलीच्या छावणीत धान्य, वैरण, माणसे जात असतील, तशीच खेड्यापाड्यांतील माणसे जालन्याच्या छावणीत मोलमजुरीला येत. रेल्वे १९०० साली आली. तोवर सारा प्रवास बैलगाडीने, घोड्यावर नाही तर पायी. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटा कशा होतात, हे मराठवाड्यातील वाचकांना सांगावयास नको.

या भागात नारायण शेषाद्रींच्या शब्दाला प्रतिसाद दिला तो मुख्यतः महार आणि मांग समाजाने. ज्यांची सावली टाळायला लहानपणी शिकवले गेले असेल, त्यांच्या वस्तीत जाऊन बसणे, त्यांच्या हातचे पाणी पिणे, त्यांच्या आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणे, हे ब्राह्मण कुळात जन्मलेल्या माणसाने १८६० च्या दशकात केले. पुण्यात जोतिराव फुले त्याच काळात शूद्रातिशूद्रांसाठी झगडत होते. त्यांचा सत्यशोधक समाज १८७३ चा. दोघांचे मार्ग वेगळे होते, पण दोघांनाही दिसलेले दुःख एकच होते.

बाप्तिस्मा घेतलेल्या कुटुंबांची गावात कोंडी होऊ लागली. बलुते बंद, विहीर बंद, काम बंद. तेव्हा शेषाद्रींनी स्कॉटलंडच्या खेड्यातील पाळकाचा आदर्श मराठवाड्याच्या मातीत उतरवण्याचे ठरविले. निजामाचे दिवाण सर सालार जंग यांच्या कारभारात त्यांना जालन्याजवळ जमीन मिळाली. तेथे त्यांनी एक गाव वसविले. घरे, शेते, विहीर, शाळा, आणि मध्यभागी प्रार्थनामंदिर. गावाचे नाव ठेवले बेथेल.

या नावापाशी आम्ही नेहमी थबकतो. बायबलातील उत्पत्तीच्या पुस्तकात २८ व्या अध्यायात ही कथा आहे. याकोब बापाच्या घरातून बाहेर पडला आहे. साधासुधा बाहेर पडलेला नाही. आंधळ्या वृद्ध बापाला फसवून, भावाचा आशीर्वाद घेऊन, त्याच्या रागाच्या भयाने तो पळतो आहे. रात्र पडते. उशाला धोंडा घेऊन तो उघड्यावर झोपतो. स्वप्नात त्याला स्वर्गापर्यंत लागलेली शिडी दिसते आणि देवाचा शब्द ऐकू येतो. सकाळी तो त्या जागेला बेथेल म्हणजे 'देवाचे घर' असे नाव देतो. बायबलात देवाचे घर हे नाव कोणा राजाने मंदिर बांधून दिलेले नाही. ते बापाचे घर सोडून आलेल्या एका मुलाने उघड्या माळावर दिलेले आहे.

नारायण शेषाद्रींनी हे नाव निवडले ते या कथेसाठीच निवडले असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. बेथेल हे नाव ख्रिस्ती वस्त्यांना सर्वत्र दिले जाते. पण ज्याने १८४३ साली घर सोडले आणि धाकट्या भावाला न्यायालयातून रडत जाताना पाहिले, त्याला तो अध्याय इतरांसारखा वाचता आला नसेल, एवढे खास. तसेच, बायबलाचा जाणकार असल्याने पुढचा ३५ वा अध्यायही त्याला पाठ असणारच. त्यात याकोब अखेर आपल्या बापाकडे हेब्रोनला परत येतो, आणि इसहाक वारतो तेव्हा एसाव आणि याकोब हे दोघे भाऊ मिळून त्याला मूठमाती देतात.

बेथेलमधील लोक आपल्या पाळकाकडे बाप म्हणूनच पाहत असणार. ज्यांना गावाने टाकले, त्यांना त्याने गाव दिले. ज्याची भाऊबंदकी तुटली, त्याला पंक्तीला बसणारी नवी भावंडे मिळाली. आणि जो आपल्या वडिलांना मुकला, तो 'वडीलां'च्या मंडळीचा पाळक झाला. मराठी भाषेने एकाच शब्दात दोन्ही अर्थ ठेवून आम्हाला येथे विचार करायला लावले आहे. एका घरातून तुटलेल्या माणसाने दुसऱ्या अनेकांना घर दिले, हे सत्य आहे. ते घर दिल्याने पहिल्या घराची भिंत सांधली गेली असे नाही, हेही सत्य आहे. दोन्ही सत्ये एकाच चरित्रात आहेत, आणि जो इतिहास त्यांपैकी एकच सांगतो तो अर्धवट आहे. आपल्याकडे मिशनरी चरित्रे लिहिली जातात ती बहुधा पहिले सत्य सांगतात. मिशनऱ्यांवर टीका करणारे दुसरेच तेवढे सांगतात.

पुढे शेषाद्रींची कीर्ती परदेशात गेली. ऑक्टोबर १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे इव्हँजेलिकल अलायन्सची मोठी परिषद भरली, तीत ते बोलले. पाश्चात्त्य पोशाख न करता ते तेथे पागोटे घालून उभे राहिले, आणि वर्तमानपत्रांचे लक्ष त्या पागोट्यावर खिळले. धर्म बदलला म्हणून देश आणि वेष बदलायचा नाही, ही त्यांची धारणा होती. स्कॉटलंडमधील मंडळ्यांतही त्यांनी बेथेलसाठी साहाय्य मागितले. १८९१ साली अशाच एका परदेश दौऱ्यावरून परतताना समुद्रप्रवासात त्यांचा अंत झाला. ज्याने आयुष्यभर इतरांसाठी घरे उभारली, त्याला अखेरच्या क्षणी ना मुंबईचे घर लाभले, ना बेथेलची माती.

त्यांच्या पश्चात काळाने मंडळ्यांचे रूपही पालटले. स्कॉटलंडमध्ये १८४३ साली दुभंगलेले चर्च १९२९ साली बहुतांशी पुन्हा एक झाले. भारतात १९२४ साली प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र आल्या, आणि १९७० साली नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा शेषाद्रींचा वारसा त्या व्यापक मंडळीत सामावला गेला. इकडे आमचे कॅथलिक मिशनरी मराठवाड्यात घोगरगावास येऊन स्थिरावले ते एकोणिसावे शतक संपता संपता, म्हणजे शेषाद्रींच्या मागून. औरंगाबाद धर्मप्रांत झाला तो १९७७ साली. पुष्कळ वर्षे आपण आणि ते एकाच रस्त्याने जात असूनही एकमेकांना ओळख देत नव्हतो. १९६४ च्या परिषदेतील ख्रिस्तैक्याच्या आदेशानंतर ही अढी हळूहळू सुटत गेली. शेषाद्रींना आज आपण परके मानण्याचे कारण नाही. त्यांच्या श्रमाचा आणि त्यांच्या चुकीचा असा दोन्हींचा वारसा आपलाही आहे.

चूक हा शब्द आम्ही विचार करून वापरला आहे. नारायणच्या बाप्तिस्म्यात आम्हास चूक दिसत नाही. जाणत्या माणसाने विवेकाला स्मरून केलेल्या निवडीपुढे आम्ही मान लववितो. श्रीपतच्या बाबतीत मात्र, नेस्बिट यांच्यासारख्या सज्जनाने पहिल्याच संध्याकाळी त्या मुलाचा हात धरून त्याला वडिलांच्या दारी नेऊन सोडावयास हवे होते, असे आम्हास वाटते. सांगता आले असते, "बाळ, देव कोठे पळून जात नाही. तू मोठा हो. तोवर आईवडिलांचा मान राख, कारण ही देखील देवाचीच आज्ञा आहे." असे झाले असते तर श्रीपत पुढे ख्रिस्ती झाला असता की नाही, कोणास ठाऊक. पण शेषाद्रींना न्यायालयाची पायरी चढावी लागली नसती.

आता आमच्या दारातील प्रश्न. काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या धर्मग्रामात होतो, तेथे कॉलेजात जाणारा एक तरुण आमच्याकडे येऊ लागला. वाचन चांगले, मन सरळ. वर्षभराने तो म्हणाला, फादर, मला बाप्तिस्मा द्या. वय एकवीस. कायद्याने सज्ञान. आम्ही विचारले, घरी सांगितलेस? तो म्हणाला, सांगितले तर वडील मोडून पडतील. आधी होऊ द्या, मग सांगतो.

आम्हास लज्जेने कबूल केले पाहिजे की, त्या क्षणी आम्हास हे बोलणे धैर्याचे वाटले. तारीखही जवळजवळ ठरली. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी त्याचे वडील आले. कोठून तरी कुणकुण लागली असावी. भांडायला आले नव्हते. ओसरीवरच्या बाकावर बसले, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "तुमचा धर्म वाईट आहे असं मी म्हणत नाही, साहेब. पण माझ्या पोरानं मला विचारायलाही नको?"

त्यांना उत्तर देण्यासारखे आमच्याजवळ काही नव्हते. सेमिनरीत आम्ही धर्मशास्त्राची जी चार वर्षे घालवली, त्यांत या प्रश्नाचे उत्तर होते. पण ते आम्ही त्या तरुणाला सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला बोलावून घेतले आणि म्हणालो, "तारीख पुढे गेली. आधी वडिलांशी बोल. ते हो म्हणतीलच असे नाही, आणि ते नाही म्हणाले तरी निर्णय तुझाच आहे. पण त्यांना चोरून देवाच्या घरात यायचे नाही." तो रागावला. तीन-चार महिने फिरकला नाही. मग एकदा सणाच्या दिवशी वडिलांनाच घेऊन आला. दोघे मागच्या बाकावर बसले. बाप्तिस्म्याची गोष्ट पुन्हा निघायला आणखी दोन वर्षे लागली, आणि ती त्याच्या वडिलांनीच काढली. ते स्वतः आले नाहीत. पण मुलाला येऊ दिले.

बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत आम्ही त्या दिवशी नेहमीप्रमाणे नोंद केली. आपल्या धर्मग्रामांतील प्रत्येक नोंदवहीत एक रकाना असतो. त्यात बाप्तिस्मा घेणाऱ्याच्या आईवडिलांची नावे लिहायची असतात. शेकडो वेळा आम्ही तो रकाना भरला होता, सवयीने. त्या दिवशी लिहिताना हात जरा थांबला.

नारायण परळीकर जगभर ज्या नावाने ओळखले गेले ते त्यांच्या आडनावाने नव्हे. मुंबई, जालना, न्यूयॉर्क, एडिंबरो, सर्वत्र लोक त्यांना 'शेषाद्री' म्हणत. परदेशी लोकांना ते आडनाव वाटत असे. ते आडनाव नव्हते. न्यायालयातून धाकट्या मुलाला रडत घरी नेणाऱ्या त्या बापाचे ते नाव होते. मुलाने घर सोडले, जात सोडली, धर्म सोडला. पण ४८ वर्षे, व्यासपीठावर, पत्राच्या खाली, चर्चच्या दप्तरात, बापाचे नाव आपल्या नावाशेजारी तो लिहीत राहिला.